औषधाचं रक्त

रक्ताची मला कधी किळस आली नाही. किळस यायची ती निळ्या बादलीची. मल्लेश्वरममधल्या आमच्या घराच्या मागे, तुळशीपासून शक्य तितकी लांब, ती पालथी घातलेली असायची. तिला दुसरं कुणी हात लावत नसे. कामवाली बाईसुद्धा तिच्याभोवतीची फरशी धुवायची आणि बादलीखालची तशीच सोडायची. लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूला आले तेव्हा या घरात फक्त माझी म्हणता येईल अशी मिळालेली ती पहिली वस्तू.

सासरचे लोक इथे तीनशे वर्षांपासूनचे. चुलीपाशी मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. सोवळ्याला अक्का मडी म्हणत, आणि ती मडी घरात आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी होती. पाळी आली की मागच्या खोलीत बसायचं. चटई वेगळी, ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. इतरांकडे चौथ्या दिवशी नहाणं झालं की सुटका असे. आमच्याकडे शेवटचा डाग दिसेनासा होईपर्यंत बाहेर. हा नियम अक्कांच्या सासूबाईंनी घातलेला, आणि अक्का तो इमानेइतबारे चालवत होत्या.

गंमत म्हणजे ऑफिसला जायला हरकत नव्हती. सकाळी मागच्या दाराने निघायचं, बसमध्ये शंभर माणसांना घासत यशवंतपूरला जायचं, कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर सगळ्यांच्या फायली हाताळायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा मागच्या दाराने आत येऊन विटाळशी व्हायचं. हे शास्त्र ज्याने लिहिलं असेल त्याला पगारदार सुनांची चांगली माहिती असणार.

अडतिसाव्या वर्षी माझं बिनसलं. चार दिवसांचे सात झाले, सातांचे अकरा. रक्ताच्या गाठी पडू लागल्या, काळ्या, यकृताच्या तुकड्यांसारख्या. तासाला पॅड बदलायचं, त्याखाली जुन्या साडीची घडी, आणि तरीही उठताना खुर्चीकडे वळून बघायचं. एकदा बघायला विसरले. साहेबांच्या खोलीतल्या बैठकीतून उठले तर खुर्चीवरच्या पिवळ्या उशीवर बशीएवढा डाग. समोरच्या तिघांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं. ती उशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी बसने घरी आणली आणि निळ्या बादलीत चोळचोळ चोळली. डाग गेला नाही. चोळता चोळता मला स्वतःच्या अंगाचीच शिसारी आली, आणि त्याचा संताप अजून गेलेला नाही.

अक्का मला घराजवळच्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या, आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. कॅन्सर नाही, पिशवीत गाठ नाही, अस्तर जाड झालंय, रक्त सात. तिथले सर्जन हसतमुख होते. म्हणाले, "एक मुलगी आहे ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? काढून टाकू." सुटलेलं बटण तोडून टाकावं तसं. मी तोंड उघडायच्या आत अक्कांनी होकार दिला, "सरी." रिक्षात त्यांचा चेहरा उजळलेला होता. "अय्यो, किती बरं! एकदा काढलं की बाहेर बसायची कटकट नाही. बाराही महिने मडीत. माझं नाही का पस्तिशीत काढलं?"

म्हणजे माझ्या पोटावर सुरी फिरणार ती रक्त थांबावं म्हणून नव्हे, सणाला स्वयंपाकघरात हात कमी पडू नयेत म्हणून. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी काय ते ठरवा." हा माणूस असल्या प्रसंगी कायम भाजी आणायला निघालेला असायचा.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने इंदिरानगरमधल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्या हसतमुख नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी सांगितलं की तांबीसारखीच एक वस्तू आहे, तिच्यातून रोज थोडंथोडं हार्मोन आत झिरपतं आणि अस्तर पातळ राहतं. तेव्हा ती इथे सहज मिळत नसे, परदेशातून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवावी लागे. गुण सांगून झाल्यावर त्यांनी दोषही सांगितले. तीन ते सहा महिने अधूनमधून, कदाचित रोजच, डाग पडतील. छाती दुखेल, तोंडावर पुटकुळ्या येतील, डोकं भणभणेल, उगीच रडू येईल. एखादीची ती निसटून पडते. एखादीला मुळीच मानवत नाही. "पिशवी काढलीत तर एकदाच काय ते संपेल, तेही खोटं नाही," त्या म्हणाल्या. "पण ते मोठं ऑपरेशन आहे, आणि काढलेली पिशवी परत बसवता येत नाही."

बाकी सगळं मी सोसलं असतं. मला भीती त्या डागांची होती. दुसऱ्या कुठल्याही बाईला ती किरकोळ कटकट असेल. आमच्या घरात तीन ते सहा महिने डाग म्हणजे तीन ते सहा महिने मागची खोली.

तरीही मी ती बसवून घेतली. अक्कांनी आकाशपाताळ एक केलं आणि शेवटी अट घातली. गौरीच्या हब्बापर्यंत, म्हणजे सणापर्यंत, त्या थांबतील. गौरीची पूजा सवाष्णीने करायची, अक्का विधवा, घरात सवाष्ण मी एकटी. तोवर डाग थांबले नाहीत तर ती वस्तू काढायची आणि सणानंतरच्या सोमवारी ऑपरेशन. सर्जनकडून तारीखही घेऊन आल्या. मी मान डोलावली. अंगात भांडण्याएवढंही रक्त नव्हतं.

आषाढ गेला, श्रावण गेला. डाग थांबले नाहीत. रोज चहा सांडल्यासारखा तपकिरी ठिपका, तेवढाच. त्या वासाने, त्या ओलसर चिकटपणाने मी इतकी विटले की जेवताना घास फिरायचा. चाळिशीच्या तोंडावर हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. ऑफिसात स्टेपलर सापडला नाही म्हणून रडले. पण गाठी बंद झाल्या होत्या. जिना चढताना धाप लागत नव्हती. रक्त सातावरून दहावर गेलं. अंगात जीव येत होता आणि घरात मी कायमची बाहेर होते.

खोटं बोलावं असं रोज वाटे. पण अक्का मागे येऊन वाळत घातलेली फडकी बघून जात. बघितलं की "अजून?" एवढंच म्हणत. मुलगी शाळेतून आली की दारात उभी राहून दिवसभराचं सांगायची, उंबऱ्याच्या पलीकडूनच. तिला जवळ घ्यायचं तर अक्का तिला पुन्हा आंघोळ करायला लावणार. चौदा वर्षांच्या पोरीला आईपासून हातभर लांब उभं राहायची सवय लागली, हे बघून मला जी घाण वाटली ती कुठल्या गाठीची वाटली नव्हती.

गौरीच्या सकाळी स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. मी चटईवर बसून सोमवारचा विचार करत होते. अक्का मागच्या दारात आल्या. गुडघे दुखत होते म्हणून चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"ऊठ. नहा आणि ये पूजेला."

"डाग आहे, अक्का."

"ठाऊक आहे गं. मी रात्रभर विचार केला. ते पाळीचं रक्त नाही. औषधाचं रक्त. त्याला मडी नाही लागत."

अडीच महिने मी कुत्र्यासारखी दारात जेवत होते. सोळा वर्षं बादली, चटई, तांब्या. आणि सवाष्ण कमी पडली म्हणताच एका रात्रीत शास्त्र बदललं! मला आनंद व्हायला हवा होता. आली ती शिसारी.

"नाही," मी म्हणाले. "मी बाहेर आहे. तुम्हीच सांगितलंत. हे सणापुरतं औषधाचं आणि सोमवारी पुन्हा पाळीचं होणार असेल, तर मी उठत नाही."

वाटलं, आता ओरडतील. अक्का चौकट धरून हळूहळू खाली बसल्या, उंबऱ्याच्या त्या बाजूला. पदराने तोंड पुसलं.

"माझं काढलं," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्या सासूबाई, अत्ते, म्हणाल्या, आता कायमची शुद्ध झालीस. मलाबी बरं वाटलं. मग कळलं. सत्तावीस वर्षं झाली, मी एक दिवस बसले नाही. ताप असो, घरात मयत असो, हात आपले चुलीत. पूर्वी निदान तीन दिवस तरी कुणी आयतं ताट सरकवत होतं."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बादलीकडे बघत होत्या. माझा राग गेला नाही. त्यांनी मला त्याच खड्ड्यात ढकलायला घेतलं होतं, आणि खड्डा किती खोल ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण त्यांचे गुडघे सुजले होते आणि फरशी थंड होती. मी चटईवर थोडी सरकले. हाक मारली नाही, नुसती जागा केली.

अक्कांनी त्या जागेकडे बघितलं. मग उंबरा ओलांडून बसत बसतच आत आल्या. "स्वल्प सरक अजून," म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला खांदा लावून चटईवर टेकल्या. लागलं. शिवलं. आता घरात मडीत कुणीच उरलं नव्हतं. आत गॅसवर पुरण करपायला लागलं.

त्यांनी मुलाला हाक मारली. तो दारात येऊन आमच्याकडे आ वासून बघत राहिला.

"आमी दोघीबी बाहेर आहोत," अक्का म्हणाल्या. "गॅस बंद कर. गौरीची ओटी शेजारच्या घरी देऊन ये. आणि येताना कोपऱ्यावरून होळिगे आण."

तो निघाला तशा पुन्हा ओरडल्या, "त्या नर्सिंग होममध्येबी जाऊन ये. सोमवारी कुणी येत नाही म्हणून सांग."

विकतच्या पोळ्या, म्हणजे अक्कांचे होळिगे, वर्तमानपत्रात गुंडाळून आल्या. डालड्याने थबथबलेल्या, पुरणात गुळाचे खडे, आणि एकीत चक्क एक केस. मुलीने उंबऱ्यावरून ताट आत सरकवलं, आणि मग कुणाला न विचारता स्वतःही आत येऊन बसली. अक्कांनी नाक मुरडलं. "शी, काय घाण करतात गं हे लोक," म्हणाल्या, केस काढून टाकला आणि ती पोळी अर्धी मोडून माझ्या ताटात घातली.