ओटीतली खारीक

इथे परदेशात, पुंगोलला आमच्याच मजल्यावर राहणारा हा शेजारी पाकिस्तानातल्या सिंधचा, खेड्यातला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण लिफ्टची वाट पाहताना बोलणार गावाबद्दलच: कालव्याला पाणी आलं का, वीज किती वेळ टिकली, खजुराच्या बागांकडे जाणारा रस्ता पुन्हा कसा खचला. बोलताना सारखं आदराचं 'साईं', आणि हात छातीवर.

माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला तो जास्तीच्या खुर्च्या घेऊन आला. ओटीच्या ताटातली एक खारीक त्याने उचलली, हुंगली आणि एकदम खुलला. "साईं, ये तो हमारे यहाँ की है! मेरी अम्मा बड़े कड़ाहों में उबालती थी."

पुण्याहून आलेल्या आईचा हात ताटावरच थबकला. "तिकडची?" तिने मला विचारलं.

"छे गं, दुबईची आहे," मी घाईघाईने म्हणालो, आणि त्यालाही हिंदीत तेच सांगितलं. पाकीट मी वाचलंसुद्धा नव्हतं.

त्याने आईकडे पाहिलं. खारीक अलगद ताटात ठेवली. "हाँ साईं, दुबई की ही होगी."

आईने निर्धास्तपणे ओटी भरली. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. कॉरिडॉरमधून आपल्या घराकडे जाताना तो बोटं हुंगत होता.