वॉटल स्ट्रीटची ड्रमर

आयर्लंडमधल्या स्लायगोत आम्हा मराठी लोकांची जेमतेम सहा-सात घरं. आमच्या शेजारच्या घरात उल्का एकटी राहायची. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, बोलणं कमी. तिचे आईवडील नागपूरहून ॲडलेडला गेले आणि ती तिथेच जन्मली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

बाकीचं माझ्या लेकीने, तन्वीने, शोधून काढलं. २०२० च्या पहिल्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉपवर काहीबाही बघताना तिने मला हाक मारली. "आई, कम हिअर. दॅट्स उल्कामावशी."

खरंच तीच होती. विशीतली, ड्रम्स वाजवणारी, आणि समोर हजारो माणसं. 'वॉटल स्ट्रीट' हा तीन भावंडांचा पॉप बँड. थोरला हर्षवर्धन गाणी लिहायचा आणि गिटार वाजवायचा, मधली चैत्राली गायची, धाकटी उल्का ड्रम्सवर. शाळेच्या हॉलमध्ये सुरुवात करून त्यांनी तीन अल्बम काढले होते. एक गाणं तर ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेलेलं.

कुंपणापलीकडून मी विचारलं, "मग सोडलंस का गं?"

"सोडलं नाही, वहिनी. कंपनीचा माणूस म्हणाला, आता मशीनवरचे ठेके चालतात, ड्रमर कशाला? मी दादाकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत राहिला."

ही २०१२ ची गोष्ट. ती भांडली नाही. अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण केली आणि आयर्लंडला आली. तिच्याविना निघालेला चौथा अल्बम आपटला, बँड संपला. चैत्रालीचा फोन यायचा. दादाशी मात्र आठ वर्षं बोलणं बंद.

त्या वर्षी तिला हॉस्पिटलातून मान वर करायलाही फुरसत नव्हती. श्वास न पुरणाऱ्या पेशंटना पालथं झोपवायचं, बरे होऊ लागले की पलंगाच्या कडेला बसवून पुन्हा श्वास घ्यायला शिकवायचं. तोंडावर मास्कचे वळ घेऊन घरी यायची. मी डबा दारात ठेवायचे.

पुढच्या जानेवारीत हर्षवर्धनचा फोन आला. चैत्राली आणि तो पुन्हा गाणी करत होते, पण ड्रम्सशिवाय सगळं अडलं होतं. उल्काने मला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"तो म्हणाला, तुझ्याशिवाय नाही करणार. मी म्हटलं, वाजवेन. पण माझं वाजवणं मशीनने सरळ करायचं नाही. जिथे हात चुकेल तिथे मी पुन्हा वाजवेन."

"मग?"

"हो म्हणाला. लगेच."

लॉकडाउन पुन्हा लागला होता, पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी होती, म्हणून आमचं रिकामं गॅरेज तिला दिलं. यांनी भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या. गावातल्या एका म्हाताऱ्या वादकाने आपले ड्रम्स दारात आणून ठेवले आणि इथल्या लोकांचं नेहमीचं 'ग्रँड', म्हणजे 'सगळं ठीक', एवढंच म्हणून निघून गेला. नऊ वर्षांत हात जड झाले होते. पहिले दोन आठवडे मला घरात ऐकवेना. ड्यूटीहून आली की दोन तास बसायची, बोटांना चिकटपट्ट्या लावून. मार्चमध्ये एका रविवारी तन्वी अभ्यास सोडून गॅरेजच्या दाराशी जाऊन उभी राहिली, तेव्हा मला कळलं की हात बसला.

दहाच्या दहा गाण्यांचे ड्रम्स उल्काने गॅरेजमध्येच रेकॉर्ड करून पाठवले. अल्बम ऑगस्टमध्ये आला आणि चालला. वर्षअखेरीस ॲडलेडला एका समारंभात त्याला पुरस्कार मिळाला. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. उल्का आमच्या सोफ्यावर, गणवेशात, चहाचा कप धरून बसली होती.

मंचावर हर्षवर्धनने आधी इंग्रजीत सगळ्यांचे आभार मानले. मग त्या भरल्या सभागृहात, कुणाला कळो न कळो, मराठीत म्हणाला, "उल्का, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. चुकलो मी." चैत्रालीने डोळे पुसले आणि मग इंग्रजीत सांगितलं, "आमची ड्रमर आज इथे नाही. ती आयर्लंडमध्ये माणसांना श्वास घ्यायला शिकवते."

टाळ्या थांबेनात. आमचे हे चष्मा पुसत होते.

"बोलला शेवटी," उल्का म्हणाली. मग कप सिंकमध्ये ठेवून भावाला फोन लावला आणि त्याच्याशी बोलत बोलतच ड्यूटीला निघाली. तिची गाडी वळेपर्यंत आम्ही तिघंही दारात उभे होतो.