पान नसलेला दुवा

आमच्या घरातल्या माणसांच्या आठवणी मी सध्या संगणकावर साध्या मजकुरात लिहितो आहे. पुतणी केतकीने त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम करून दिला आहे. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की तो ठळक होतो, आणि एखादं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की त्याचा दुवा होतो. त्यावर क्लिक केलं की त्या माणसाचं पान उघडतं.

काल मजकूर वाचता वाचता ती म्हणाली, "काका, ही मालू कोण? हिचं पान कुठेच नाही."

"माझी धाकटी बहीण. चार वर्षांची असताना तापाने गेली."

तिने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. "कंस काढू का? मग नुसता शब्द राहील."

"पान नसताना तुझा प्रोग्रॅम त्याला दुवा कसा म्हणतो?"

"पलीकडे काय आहे ते तो बघतच नाही, काका. लिहिणाऱ्याने कंस घातला की झाला दुवा."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. मालू गेल्यावर आईने तिचं नाव घेणं सोडलं, मग हळूहळू आम्हीही. पण मनातल्या मनात तिच्या नावाभोवतीचे कंस मी कधी काढले नव्हते.

मी त्या नावावर क्लिक केलं. प्रोग्रॅमने तिच्या नावाचं नवं, कोरं पान उघडलं. मी लिहिलं, 'मालूला भाकरीचा पापुद्रा आवडायचा.'

केतकी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"आणखी काय आवडायचं आत्याला?"