परपुरुषांचा डबा

मोटार सुटायच्या आधी बाबांनी खिडकीतून डबा आत दिला. निपाणीच्या स्टँडवर सगळं माहेर जमलं होतं. आई रडत होती, मावशी रडत होती, आणि मी डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते बघत होते. पन्नास सिगारेटींचा गोल पत्र्याचा डबा होता तो. आत सिगारेटी नव्हत्या, क्रिकेटचे खेळाडू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सिगारेटच्या पाकिटांतून रंगीत चित्रं निघायची, पुढे खेळाडू आणि पाठीवर त्याची माहिती. बाबांचं पानाचं दुकान. तंबाखूच्या लिलावाला आलेले व्यापारी पाकीट फोडून चित्र तिथेच टाकत आणि बाबा ते उचलून ठेवत. इंग्रजी अक्षरं मी शाळेच्या आधी त्या पाठींवर शिकले. "अकरा जमले तर टीम," बाबा म्हणायचे, "दहा असतील तर नुसती गर्दी."

निपाणीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या मोटारीत बसून निघून गेलेल्यांनो, तुम्ही काय काय नेलंत ते मला माहीत नाही. मी टीम नेली.

बेळगावहून रेल्वेने बंगळूर. सासर चिकपेटेत, तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. माणसं मराठीच, पण त्यांची मराठी ऐकून मला घाम फुटायचा. भात 'स्वल्प' वाढायचा, पटलं की 'सरी' म्हणायचं, आणि सासूबाईंना घरदार, गल्ली सगळी अक्का म्हणायची. लग्नात माझं नावही बदललं. निपाणीची इंदू इथे सुमित्रा झाली. मला त्याचा राग आला होता आणि अजून येतो. माझ्या डब्यातला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तरी त्याचं नाव तेच राहायचं. बाईने संघ बदलला की तिच्या नावाची पाटीच पुसायची, हा कुठला नियम?

नव्या सुनेची पेटी चार बायकांसमोर उघडायची, तशी माझीही उघडली. साड्या झाल्या, भांडी झाली, मग अक्कांच्या हाती डबा लागला. त्यांनी झाकण काढलं. टोपी घातलेले, मिशा राखलेले, बाह्या सरसावलेले गोरे साहेब एकेक करून चटईवर आले.

"एनु गं हे?" अक्का म्हणाल्या. "परपुरुषांला पेटीत घालून आणलीस?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारच्या पद्मम्मा हात हलवत म्हणाल्या, "बिडी, अक्का, बिडी."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. निपाणी म्हटलं की जो तो बिडीवरून टोमणा मारतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "हो, बिडीच्याच गावची आहे मी," मी म्हटलं. "आमच्या बायकांनी बिड्या वळल्या म्हणून गावच्या चुली पेटल्या. त्यात लाजायचं काय?"

कुणाला काही कळेना. पद्मम्मा तर घाबरून घरी गेल्या. मागाहून ह्यांनी हसत हसत सांगितलं, की कानडीत 'बिडी' म्हणजे 'सोडा, जाऊ द्या'. आमच्या बाजूचे कानडी लोक 'बिड्री' म्हणतात, तो रकार इथे गळलेला. म्हणजे त्या भरल्या घरात माझी बाजू घेणारी एकच बाई होती आणि मी नेमकी तिच्यावरच तुटून पडले होते.

अक्कांनी मात्र सोडलं नाही. घटस्थापनेआधी घर साफ होतं, तेव्हा डबा न्हाणीतल्या हंड्याखालच्या जाळात जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं. "माळ्यावर लपव," हे म्हणाले. मी नाही म्हटलं. चोरी केली असती तर लपवला असता. आई, बाबा, गाव, नाव, एवढं सोडून आले होते, आणि आता हेही सोडलं असतं तर इंदू नावाची मुलगी कधी होती की नाही, हे मलासुद्धा सांगता आलं नसतं.

इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. वरच्या पायऱ्यांवर देव, राजा-राणी, वाणी आणि वाणीण. सगळ्यांत खालची पायरी नव्या सुनेने सजवायची. सगळ्या सुना तिथे परातीत रागी, म्हणजे आपली नाचणी, पेरून बाग करतात. मीही रागी पेरली. आठवडाभर पाणी शिंपडलं, हिरवंगार गवत उगवलं, ते कात्रीने सारखं केलं. मधे खेळपट्टी म्हणून मातीची पट्टी राखली. मग खराट्याच्या काड्या चिरल्या, चिरेत एकेक चित्र अलगद बसवलं आणि टीम मैदानावर उतरवली. यष्टिरक्षक यष्टीमागे, स्लिपमध्ये दोघे, सीमेवर तो लांब पल्ल्याचा हात असलेला. डिंकाचा थेंबही कुणाला लागू दिला नाही. अकराच्या अकरा उभे राहिले तेव्हा मी ते पुन्हा एकदा मोजले.

संध्याकाळी कुंकवाला बायका आल्या. अक्कांची नजर खालच्या पायरीवर गेली आणि चेहरा उतरला. त्या वाकल्या. गोलंदाजाला उपटायला हात पुढे केला.

मी परातीसमोर जाऊन बसले. "बिडी," मी म्हटलं.

माझ्या तोंडून निघालेला तो पहिला कानडी शब्द. सासूला उलटून बोलायला मला परकी भाषा सापडली, ह्याचं मला आजही हसू येतं. मग मागून पद्मम्मांचा आवाज आला, "बिडी, अक्का. इरली." सोडा, असू दे. आणि त्या माझ्या शेजारी बसून विचारू लागल्या, यष्टीमागे ओणवा झालेला हा कोण, ह्याची पाठ दुखते काय.

अक्कांनी हात मागे घेतला. त्या खूश झाल्या असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी रागी भिजत घालताना त्याच म्हणाल्या, "तुझे परपुरुष काढ गं, धूळ पूस." साठच्या दशकात चिंगमच्या पुड्यांतून आपले देशी खेळाडू निघू लागले, तेव्हा दुकानातून येताना दोन पुड्या पदराला बांधून आणणाऱ्याही अक्काच. स्वतः कधी चिंगम खाल्लं नाही त्यांनी.

आता चिकपेट सुटलं, जयनगरात घर आहे. अक्का नाहीत, पद्मम्मा नाहीत, बाबांचं दुकानही नाही. डब्यांनी कपाट भरलंय. निपाणीला गेले की म्हणतात, तू कानडी झालीस. इथे अजून विचारतात, गाव कोणतं? दोघांनाही मी उत्तर देत नाही. ज्या छपराखाली माझा डबा माझ्या हुकमाशिवाय कुणी हलवत नाही, ते माझं घर. ते मला कुणी दिलं नाही, मी परातीसमोर बसून घेतलं.

परवा मुलगा म्हणाला, "आई, ह्या वयात हा पसारा कशाला? देऊन टाक कुणाला तरी." मुलाला अहो-जाहो करायची आमच्यात पद्धत नाही. पण पद्मम्मांचा तो आदराचा शब्द मी जसा शिकले तसाच वापरते.

"बिडी," मी म्हटलं, आणि खराट्याच्या काड्या चिरायला घेतल्या.