गणपतीला गिरणी बंद राहील

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी टाकलेली. ते आधी कापडगिरणीत होते. ती बंद पडल्यावर त्यांनी ही घेतली आणि शेवटपर्यंत हसत सांगत राहिले, "आपण गिरणी कामगार तो गिरणी कामगारच!" ते गेले तेव्हा नवऱ्याला कंपनीतली नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. म्हणून मी बसले गिरणीवर. तात्पुरती. तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता कॉलेजला जाते.

दळणाचा डबा ठेवायला आलेली बाई घराची किल्लीसुद्धा माझ्याकडेच ठेवून जाते. "लेक क्लासवरून येईल, तिला दे." घरी कोणी नसलं की कुरिअरवाले पार्सल माझ्या बाकड्यावर टाकतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांची सून ऑफिसला जाताना खाली आणून बसवते, कारण त्यांना घरात एकटं ठेवायची भीती वाटते. कोणाच्या मुलीचं जमतंय, कोणाचं बायपास ठरलंय, सगळं मला आधी कळतं. लोक म्हणतात, "तू आहेस ना खाली, म्हणून निर्धास्त वाटतं." ऐकायला गोड वाटतं. पण मला ताप आला आणि शटर उघडलं नाही, तर दुपारी दार वाजतं. "काय गं, बरं नाही का?" एका हातात काढा असतो आणि दुसऱ्या हातात दळणाचा डबा.

सगळ्यात वाईट गणपतीचे दिवस. आमचं गाव कणकवलीजवळ. घरचा गणपती तिथे, सासूबाई तिथे एकट्या. आमच्यासारखी माणसं वर्षभर काहीही सोसतील, पण चवथीला गावी जाणार म्हणजे जाणारच. फक्त मी सोडून. कारण मोदकाची पिठी. तांदूळ धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि दळून आणायचे ते अगदी तोंडावर, कारण पिठी ताजी नसेल तर पारी फाटते. सगळी सोसायटी आणि आजूबाजूच्या चार बिल्डिंगा तेव्हाच गिरणीत लोटतात. दरवर्षी नवरा नि मुलगी बसने पुढे जायचे, आणि "मी दळण आटपून येते" म्हणत मी मुलुंडलाच राहायचे.

मागच्या वर्षी श्रावणात सासूबाईंचा फोन आला. "यंदा तरी चवथीक येतलंस मां गो?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "येणार आई. शंभर टक्के." आणि फोन ठेवल्याबरोबर पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलं : गणपतीला गिरणी बंद राहील. शटरशेजारी लावून टाकलं.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे. पहिल्या आल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्यावर खूप माया करणाऱ्या. मुलीच्या दहावीला त्यांनी फुकट शिकवलं होतं.

"अगं, बंद म्हणजे? मग आम्ही कुठे जायचं?"

"काकू, तयार पिठी मिळते ना दुकानात."

"ती? छे गं, वातड होतात मोदक! बरं, जा बाई तू. जायलाच पाहिजे. आम्ही आधीच आणू तांदूळ, काय?"

सगळ्यांनीच समजूतदारपणा दाखवला. कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. सगळ्यांनी तांदूळ आधी आणले, आणि तेही एकाच वेळी. पायरीपासून पार कंपाउंडपर्यंत पिशव्या आणि डबे. मी जेवायलाही वर जात नव्हते. ज्यांचा माझ्याशी कधी संबंध आला नव्हता अशी माणसंही आली, "ऐकलं तू जाणार आहेस, आमचं पण घे ना." नाही म्हणता येत नव्हतं. बस सुटायच्या आदल्या दिवशी दुपारी जळका वास आला आणि जातं घरघरत थांबलं. मोटार जळाली होती.

मेकॅनिक भांडुपहून आला. उघडून बघितलं आणि म्हणाला, "वाट लागली, ताई. वायंडिंग गेलंय. मोटार घेऊन जातो, उद्या रात्री मिळाली तर नशीब."

निम्म्या लोकांचे तांदूळ तसेच पडले होते. धुऊन वाळवलेले तांदूळ. पावसाळी हवेत ते तसेच ठेवले की त्यांना बुरशी येते. मी नवऱ्याला म्हटलं, "परत देऊन टाकते सगळ्यांना."

तो म्हणाला, "दे ना. पण दुसरी गिरणी आहे कुठे जवळ? लोक ऐनवेळी काय करतील?" मग म्हणाला, "तुझं तू ठरव."

ठरवायचं काय होतं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेकनाक्यावर मी त्यांना बसमध्ये बसवून आले. मुलगी खिडकीतून म्हणाली, "आई, आजीला काय सांगू?" मी म्हटलं, "मोटार जळाली म्हणून सांग." बस हलली. मी चालत घरी आले, गाडीखर्च वाचवायला नाही, तर घरी लवकर पोचायची इच्छाच नव्हती म्हणून.

मोटार आली, तांदूळ दळले, सगळ्यांच्या पिशव्या गेल्या. चवथीच्या दुपारी घरात मी एकटी. दर थोड्या वेळाने बेल वाजत होती. प्रत्येक घरातून ताट येत होतं, मोदकांवर साजूक तूप, आणि वर दुसऱ्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीचं आगाऊ आमंत्रण. ओट्यावर जागा उरली नाही. प्रत्येकजण म्हणत होता, "आमच्याकडे आरतीला ये हं." मी हो म्हणत होते आणि दार लावत होते. राग येत होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. एकजण जरी वाईट वागला असता तर बरं झालं असतं.

शेवटी काकू आल्या. त्यांचे मोदक अगदी पांढरेशुभ्र, कळ्या एकसारख्या. कौतुकाने म्हणाल्या, "बघ, तुझीच पिठी. खरं सांगू, बरं झालं तू थांबलीस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी थांबले नाही, काकू. अडकले."

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि जिना चढून गेल्या. मला वाटलं धावत जावं, माफी मागावी. पण माफी कशाची मागायची? मी खोटं बोलले नव्हते. मी आरतीला कोणाकडेच गेले नाही.

त्यानंतर काकूंचं दळण येईना. त्या रिक्षाने स्टेशनपलीकडच्या गिरणीत जातात असं कळलं. मग नवरात्राच्या आधी एके दिवशी त्या उपासाची भाजणी घेऊन पायरीशी उभ्या राहिल्या.

"आधी काय दळलंस?"

"राजगिरा."

"मग घाल."

मी घातली. ती दळून होईपर्यंत त्या बाकड्यावर आजोबांशेजारी बसल्या. जाताना म्हणाल्या, "पाठ दुखते का गं हल्ली? वाकून चालतेस." मी म्हटलं, "नाही, ठीक आहे."

यंदा मी पाटी लावली नाही. मुलगी म्हणाली, "लाव ना आई, मी थांबते गिरणीवर." मी तिला जवळजवळ ओरडलेच, "तू अजिबात बसायचं नाहीस इथे!" ती दचकली. मीही.

सासूबाईंचा फोन श्रावणात आला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. गुडघे, पाऊस, गोठ्याचं छप्पर, असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "पिठी पाठव गो चेडवाबरोबर. हयली बरी येणा नाय."

मी चांगले तांदूळ आणले. धुतले, पंच्यावर पसरून सावलीत वाळवले आणि सगळ्यांच्या आधी दळले. पिशवीला दुहेरी गाठ मारून मुलीच्या बॅगेत ठेवली. खाली गिरणीपाशी कोणीतरी माझ्या नावाने हाक मारत होतं. मी "आले" म्हटलं आणि जिना उतरले.