वरच्या मजल्यावरचा रविवार

“मागनं गाडी आहे की,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. प्रश्न कोणताही असो. बढतीची यादी लागली आणि तिच्यात त्याचं नाव नाही, तरी हेच. कँटीनमधला शेवटचा समोसा त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं उचलला, तरी हेच. म्हणताना उजवा हात खांद्यावरून मागे उडवायचा, जणू पाठीमागे खरंच एक बस उभी आहे आणि ड्रायव्हर फक्त याच्या खुणेसाठी थांबलाय.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कुणाशी भांडत नाही, म्हणून त्याचं बरं चाललंय असं आपण सगळे धरून चालतो.

चंदीगडच्या सेक्टर तीसमध्ये एका सरकारी प्रयोगशाळेत आम्ही दोघं होतो. तो यंत्रं बनवणाऱ्या विभागात इंजिनिअर, मी हिशेब विभागात. राहायलाही एकाच जिन्यावर; तो तळमजल्यावर, मी त्याच्या डोक्यावर. तो कोल्हापूरचा, मी नगरचा. मी बिलातली प्रत्येक ओळ वाचतो म्हणून मला तो ‘हिशेबनीस’ म्हणायचा. “हिशेबनीस, श्वास तरी न मोजता घे की!” असं जिन्यातून ओरडायचा.

त्याची बायको पंजाबी, इथल्याच एका शाळेत शिक्षिका. प्रेमाचं लग्न. तिचा भाऊ कॅनडाला स्थायिक झालेला, आणि आपणही तिकडे जावं असं तिला पहिल्यापासून वाटत होतं. हा म्हणायचा, “कोल्हापूर सोडून इथवर आलोय. आता आणखी किती लांब?” ती म्हणायची, इथे आपली वाढ नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती आणि दोघंही हटली नाहीत. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना बायको तिला घेऊन माहेरी गेली. पुढे रीतसर घटस्फोट झाला. मुलगी आईकडे, आणि बापाला दर रविवारी बारा ते चार भेट.

पहिल्या रविवारी त्यानं मुलीला क्वार्टरवर आणलं होतं. आम्ही शिरा करून खाली दिला. पोरीनं वाटी हातात धरली आणि एकेका खोलीत आईला शोधत फिरली. स्वयंपाकघरात पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, मग कपाट उघडून पाहिलं. तो दारात उभा राहून बघत होता. त्या दिवसानंतर त्यानं तिला त्या घरात कधी आणलं नाही.

आणि नेमकी त्याच सुमाराला शहरात ती पर्यटकांची बस सुरू झाली. दोन मजली, वरचा मजला उघडा. सेक्टर सतरातून निघायची, रोझ गार्डन, म्युझियम, रॉक गार्डन, सुखना तलाव असं फिरून परत यायची. एकदा तिकीट काढलं की वाटेल तिथे उतरायचं, फिरायचं, आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचं. त्याचं ते वाक्य इथूनच आलं. मुलगी उतरायला का-कू करायला लागली, की तो म्हणायचा, “उतर ग, मागनं गाडी आहे की.”

मला हे पटत नव्हतं. मी त्याला तोंडावर म्हटलं, “अरे, गाव एक, वाट एक. दर रविवारी तेच काय बघता?”

“गाव कोण बघायलंय?” तो म्हणाला. “आम्ही वर बसतो. वारं लागतंय, पोरगी बोलते. घरात आणखी काय असतं?”

शिमल्याला निघालेले नातेवाईक वाटेत आमच्याकडे उतरत आणि त्यांना शहर दाखवायचं काम माझ्याकडे येई. त्यामुळे मीही त्या बसमध्ये बऱ्याचदा असायचो. तो पहिल्या रांगेत बसलेला दिसे, शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी. तो तिच्याशी मराठीतच बोलायचा. ती त्याला हिंदीत उत्तर द्यायची. शहराची नावंही त्यानं स्वतःची ठेवली होती. सुखना म्हणजे ‘आपला रंकाळा’. रॉक गार्डन म्हणजे, तिथल्या बांगड्यांच्या तुकड्यांच्या पुतळ्यांमुळे, ‘फुटक्या बांगड्यांचं गाव’.

“बाबा, असली रंकाळा में भी बोट है?”

“आहे की. आणि काठावर भेळ आहे. तुझ्या सुखन्याला भेळ आहे का? नाही.”

“भुट्टा तो है!”

“भुट्टा आहे, हे मान्य,” म्हणून तो तिला मक्याचं कणीस घेऊन द्यायचा. माझ्या मावशीला वाटलं, बसचा मराठी गाइडच आहे. तिनं त्याला मागच्या सीटवरून विचारलं, “अहो, मगाशी गेलं ते काय होतं?” त्यानं गंभीरपणे सांगितलं, “ते सेक्रेटेरिएट. आमच्या हिशेबनिसासारखी माणसं आत बसून ओळी वाचतात.”

मग एका हिवाळ्यात घात झाला. थंडीत फेऱ्या कमी केल्या होत्या. त्याला ते ठाऊक नव्हतं; विचारावं असंही त्याला वाटलं नाही, कारण मागनं गाडी असतेच. रॉक गार्डनला बापलेक उतरली, आतल्या झुल्यांवर रमली आणि बाहेर येऊन उभी राहिली. बस आलीच नाही. धुकं उतरायला लागलं. त्याच्याकडे मोबाइल नव्हता. रिक्षा मिळून सेक्टर सतराला पोचेपर्यंत चार कधीच वाजून गेले होते, दिवे लागले होते. बायको स्टॉपवर उभी राहून रडत होती. तिचे वडील सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “चार घंटे भी संभाली नहीं जाती तुमसे?” मुलगी मध्ये उभी राहून सांगत होती, “नानू, बाबा की गलती नहीं है, बस की गलती है.” तिचं कुणी ऐकलं नाही.

हे त्यानंच मला सांगितलं, आणि नंतर म्हणाला, “आता ती कोर्टात जाईल. आणि गेली तर तिचं चूक नाही.”

ती कोर्टात गेली नाही. फक्त पुढच्या रविवारपासून तीही बसमध्ये बसू लागली. खालच्या मजल्यावर, दाराजवळच्या सीटवर.

हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुठे बघावं कळेना. आई खाली, बाप वर, आणि मुलगी जिन्यावरून खाली-वर. हातात शेंगदाण्यांची पुडी. अर्धे शेंगदाणे वर, अर्धे खाली.

“बाबा, मम्मी पूछ रही है, टोपी क्यों नहीं पहनाई?”

“सांग तिला, वर ऊन आहे.”

ती खाली जायची, पुन्हा वर यायची. “मम्मी बोल रही है, धूप है पर हवा भी है.”

तो मुकाट्यानं तिला टोपी घालायचा. कंडक्टर म्हणजे एक हसरे सरदारजी. ते एकदा त्याला म्हणाले, “साब जी, मैडम नूं वी उत्ते बुला लओ. टिकट तां इक्को ई ए!” हा हसला. पण तिला वर बोलावलं नाही, आणि ती आली नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं. मुलगी मोठी होत गेली, जिन्यावरच्या फेऱ्या मात्र तशाच राहिल्या. ‘मागनं गाडी आहे की’ हे वाक्य त्यानं ऑफिसात चालू ठेवलं. बसमध्ये मी ते पुन्हा ऐकलं नाही.

मुलगी अकरा वर्षांची झाली, त्या वर्षी तो एका संध्याकाळी वर आमच्याकडे आला आणि टेबलावर कागद ठेवले. “वाच,” म्हणाला. “तू सगळं वाचतोस.”

बायकोला भावाच्या मदतीनं कॅनडाला जायची परवानगी मिळत होती. मुलगी अल्पवयीन, त्यामुळे तिला नेण्यासाठी बापाची लेखी संमती हवी होती. मी नेहमीप्रमाणे प्रत्येक ओळ वाचली.

“यात तुझ्या भेटीबद्दल काहीच नाही,” मी म्हटलं. “ते घालून घे.”

“घालून काय? दर रविवारी विमान देणार हाय व्हय कोर्ट?”

“मग सरळ सांगतो. तू सही केली नाहीस तर मुलीला नेता येणार नाही. आणि मुलीला सोडून तिची आई जाणार नाही.”

“म्हणजे माझ्या हातात आहे.”

“तुझ्याच.”

त्यानं कागदांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. माझ्या बायकोनं चहा आणला, तो तसाच राहिला. “एकदा मी तिला अडवलंय,” तो म्हणाला. “तेव्हा मोडला तो संसार. आता पुन्हा अडवलं तर काय मोडेल, हे कळत नाही.” जाताना दारातून म्हणाला, “रविवारी तू चल. मला एकट्याला वर बसवणार नाही.”

मी गेलो. दोन रांगा मागे बसलो. माघ संपत आला होता, ऊन चांगलं होतं. बस सुखन्याकडे वळली. मग त्यानं मराठीतच विचारलं, “तुला मम्मीबरोबर जायचंय का ग? लांब. मामाकडे.”

मुलगी म्हणाली, “मम्मी ने बोला है, आप साइन करोगे तो.”

“ते राहू दे. तुला काय वाटतं?”

ती बराच वेळ समोरच्या दांड्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाबा, आप हाँ बोल दोगे तो मम्मी ऊपर आके बैठेगी?”

मी मागे बसलो होतो. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, मानच दिसत होती. तलाव आला, काही लोक उतरले, काही चढले. बस सुटली तेव्हा तो उठला, जिन्याच्या तोंडाशी गेला आणि खाली वाकून त्यानं मुलीच्या आईला नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी तिचं नाव ऐकलं नव्हतं.

“ऊपर आ जाओ,” तो म्हणाला. “मैं साइन कर रहा हूँ.”

ती वर आली. एका हातानं जिन्याचा बार धरला होता, दुसऱ्या हातानं ओढणी. कुठे बसावं तिला कळेना. मुलीनंच सरकून जागा केली आणि तिला ओढून बसवलं. एका बाकावर तिघं, मुलगी मध्ये. मग पोरीला जो उत्साह आला! “मम्मी, ऊपर से देखो! ये अपना रंकाळा. वो, वो पीछे जो गया ना, वो फुटक्या बांगड्यांचं गाव.” आई मान वळवून वळवून बघत होती. जन्म या शहरात गेलेला, पण वरच्या मजल्यावरून तिनं ते कधी बघितलं नव्हतं. वारं सुटलं तेव्हा तिनं आपली शाल मुलीवर पांघरली. शाल मोठी होती. तिचं टोक त्याच्या गुडघ्यावर आलं. त्यानं ते बाजूला केलं नाही, तिनं ओढून घेतलं नाही.

वाटेत कुणीही उतरलं नाही. मुलगी सारखी दोघांकडे आळीपाळीनं बघून हसत होती. तिला वाटत होतं, सगळं जुळलं. ते कशामुळे जुळलंय हे तिच्या आईबापांना ठाऊक होतं, आणि मागे बसलेल्या मला.

सेक्टर सतराला कंडक्टर वर आले. तिघांना एका बाकावर पाहून ते खुलले. “ओ जी, वधाइयाँ!” म्हणाले. तिनं मान खाली घातली. त्यानं मात्र हात जोडून म्हटलं, “शुक्रिया, पाजी.”

सोमवारी कोर्टाजवळच्या नोटरीकडे त्यानं सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझी. उन्हाळ्यात त्या दोघी गेल्या. टॅक्सी दिल्लीला निघाली तेव्हा निरोपाला तो गेला नाही. “तिला वाटेल मी पण गाडीत बसणार,” एवढंच म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. सुरुवातीला फोन यायचे, आधी दर आठवड्याला, मग सणावारी. मुलीचं हिंदी मागे पडलं, इंग्रजी आलं. त्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कोल्हापूरला परत गेला. तिथेच, झोपेत, तो गेल्याचं त्याच्या भावानं मला कळवलं. मुलगी पोचू शकली नाही.

पण तो आठवला की मला कोल्हापूर दिसत नाही. दिसतो त्या दोघी गेल्यानंतरचा पहिला रविवार. माझ्या बायकोनं त्याच्यासाठी वरण-भात दिला, तो घेऊन मी खाली गेलो. दार उघडंच होतं. तो खुर्चीत बसला होता. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. खिशात, दर रविवारी मुलीसाठी घ्यायचा तसा, स्वच्छ रुमाल.

“कुठे निघालास?” मी विचारलं.

“कुठं नाही.”

मी डबा टेबलावर ठेवला आणि समोर बसलो. बाहेर शेजारच्यांची मुलं क्रिकेट खेळत होती, बॉल एकदा त्याच्या व्हरांड्यात आला, एकानं तो नेला. तो सरळ बसून होता, पाठ न टेकता. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं.

“चार वाजले का रे?” त्यानं विचारलं.

मी घड्याळ बघितलं. “वाजले.”

तो वाकला, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.