दादाच्या डोक्याचा दुपट्टा

माझ्या डोक्याची मी जितकी निगा राखली, तितकी कोणत्याही माणसाची राखली नाही. आज पंचावन्नाव्या वर्षी हे वाक्य लिहिताना मला स्वतःची किळस येते; ती यावी, असेच वाटते.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी यवतमाळला सरकारी कचेरीत कारकून होतो. रविवारी सकाळी कोमट खोबरेल, तासाभराने शिकेकाई, मग उन्हात बसून केस वाळवणे, हा माझा नेम. कोंडा म्हणजे आळस आणि खाज म्हणजे अस्वच्छता, असे माझे ठाम मत होते. कचेरीतल्या इतरांचेही तेच. आम्ही बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले. पण पायात बूट आल्यापासून बापाच्या टाचेची भेग पाहून नाक मुरडणारी. फार क्षुद्र लोक होतो आम्ही.

थोरला भाऊ बाभुळगावजवळ आमचे शेत कसत असे. त्या वर्षी पोळ्यानंतर तो माझ्याकडे यवतमाळला आला, तो डोके खाजवतच. टाळूवर लाल चट्टे, कपाळाच्या कडेला ओलसर खपल्या.

“डोस्कं लय खाजून राह्यलं, बापू,” तो म्हणाला. “पऱ्हाटीत शिरलो का जास्तच.”

कपाशीत शिरल्यावर खाज वाढते, हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. खरे तर सगळे त्यातच होते. उंबऱ्यातूनच मी रोग ठरवला: घाण. आंघोळ नीट करत जा, असे त्याला सुनावले. पन्नाशीला टेकलेल्या थोरल्या भावाला! रात्री त्याच्या उशीवर मी वर्तमानपत्र अंथरले. त्याने ते पाहिले आणि हसला. “डोस्क्याखालीच बातम्या देल्ल्या तुनं. आता वाचाची गरजच नाई.”

सकाळी निघताना मी त्याला उपाय सांगितला: खोबरेलात कापूर, त्यात लिंबाचा रस, आणि खपल्या निघेपर्यंत चोळायचे. कोणी सांगितला होता मला तो? कोणीच नाही. कचेरीत चहाच्या वेळी असले ज्ञान फुकट मिळे. आग झाली म्हणजे औषध लागू पडते आहे, असेही मी वर सांगितले. भाऊ शिकलेल्या भावाचे ऐकणारा. महिनाभर त्याने ती आग निमूट सोसली.

दसऱ्यानंतर माझ्या मुलीचे साक्षगंध ठरले. आमच्याकडे सोयऱ्यांना कुंकू लावून शेला-टोपी देण्याचा मान घरातल्या थोरल्याचा. वडील नव्हते, म्हणजे मान भावाचा. तो आदल्या दिवशी आला, तेव्हा टाळूचे चट्टे कानामागे उतरले होते. मुलाकडची माणसे शहरातली. मी त्याला परसात नेले आणि हळू आवाजात (माझा आवाज तेव्हाही हळूच असे, त्याचा मला अभिमान होता) म्हणालो, “दादा, उद्या टोपी काढू नको. आणि कुंकू मीच लावतो. तू जरा मागं बस.”

त्याने टोपी कानांपर्यंत खाली ओढून घेतली. मग म्हणाला, “बसतो ना मांगं. आचाऱ्यापाशी बसलो तं भजे तं गरम भेटतीन.”

दुसऱ्या दिवशी मी टाळूला तेल चोपडून सोयऱ्यांना कुंकू लावले. मुलीने ताटावरून मान वर करून विचारले, “मोठेबाबा कुठं आहेत?” स्वयंपाकावर लक्ष ठेवायला बसलेत, असे मी सांगितले. खोटे बोलायलाही मला फार प्रयास पडले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. हेतू उदात्त नव्हता. वैशाखात लग्न होते आणि हा रोग इतरांना लागतो का, एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

डॉक्टरांनी टाळू पाहिली आणि विचारले, “फवारताना डोक्याला काय बांधता?”

भावाने खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. डॉक्टरांनी तो नाकाजवळ नेला आणि झटकन दूर धरला. “हा धुता कधी?”

“फवारणी सरली का. उद्या पुन्हा तेच लागते, मंग रोज धुवाचा कायले?”

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यावर गेली होती. पंपाची नळी वर धरावी लागे आणि औषधाचे तुषार डोक्यावर पडत. दुपट्टा ते पिऊन घेई, खुंटीवर वाळे आणि सकाळी घामाने भिजून तेच विष टाळूला पाजी. रोग कोणालाही लागणारा नव्हता. डॉक्टरांनी दुपट्टा फेकायला सांगितला; फवारणीहून आल्याबरोबर साध्या साबणाने डोके धुणे, नखे न लावणे, मऊ कापडाने टिपणे आणि एक मलम. जखमेवर तेलही नको. शेवटी त्यांनी चिडून विचारले, “आणि ही चामडी कशानं भाजली? लिंबू कोणी सांगितलं?”

मी भिंतीकडे पाहिले. भाऊ म्हणाला, “हाय गावात एक शहाणा, साहेब. जाऊ द्या त्याले.”

फवारणी त्याने दुसऱ्याकडे सोपवली. दर रविवारी मी गावी जाऊन त्याचे डोके धूत असे. तो मान खाली घालून पाटावर बसे, मी बोटांच्या पेरांनी हळूहळू फेस करी. इतक्या वर्षांत मी त्याच्या डोक्याला हात लावला नव्हता. मकरसंक्रांतीपर्यंत टाळू स्वच्छ झाली. विरळ, पांढरे केसही आले.

वैशाखात लग्न झाले. मी त्याला हात धरून पुढच्या गादीवर बसवले. सोयऱ्यांना कुंकू त्यानेच लावले. मांडवात माणसे घामाने निथळत होती, व्याह्यांनीही टोप्या काढून वारा घेतला. भावाने शेवटपर्यंत टोपी काढली नाही. तिच्याखालचे डोके किती निरोगी आहे, हे त्या मांडवात मलाच ठाऊक होते. काढ म्हणायला माझी जीभ उचलली नाही.